रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी किट कार: सेव्हन ३६० बरेच महिने वापरल्यानंतर

किट कार, म्हणजे सुटे भाग घेऊन स्वतः जोडायची गाडी, कुठल्या कंपनीची घ्यावी असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा आकडे घेऊनच येतो, एवढे बीएचपी, शून्य ते साठ इतक्या सेकंदात, वगैरे. मी कॅटरहॅम सेव्हन ३६० किटमध्ये घेतली, स्वतः जोडली, इकडे ब्रिटनमध्ये तपासणीत पास करून घेतली आणि उन्हात-पावसात, रस्त्यावर आणि ट्रॅकवर भरपूर पळवली. आणि आता माझं ठाम मत असं झालंय की दोन्हीकडे वापरायची गाडी असेल तर लॅप (ट्रॅकची फेरी) सोडून उरलेल्या वेळात ती कशी वागते ते आधी बघा. ट्रॅकपर्यंत जाणं, आवाजाच्या तपासणीत पास होणं, दिवसभर टिकणं आणि संध्याकाळी त्याच टायरवर घरी येणं, हे सगळं. फास्ट तर यातल्या सगळ्याच गाड्या आहेत.

माझ्या यादीत कॅटरहॅम, वेस्टफील्ड, जीबीएस झीरो, बाइकचं इंजिन लावलेली एमके इंडी, मॅझ्दा एमएक्स-५ वर बनणारी एक्सोसेट आणि (मोह आवरला नाही म्हणून) अल्टिमा एवढ्या होत्या. पहिल्या चार लांबून सारख्याच दिसतात कारण सगळ्यांचं मूळ एकच, लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची १९५७ सालची लोटस सेव्हन. तिचे हक्क १९७३ मध्ये कॅटरहॅमने घेतले. वेस्टफील्डने ८० च्या दशकात खूपच जवळ जाणारी गाडी काढली तेव्हा प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि वेस्टफील्डला डिझाइन बदलावं लागलं. मला विचाराल तर त्यात वेस्टफील्डचं भलंच झालं, कारण नंतरच्या गाड्यांना फायबरग्लासची बॉडी आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, ते खडबडीत रस्त्यावर खरंच छान चालतं. कॅटरहॅममध्ये स्टीलच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट केलेला असतो, नाक आणि मडगार्ड तेवढे फायबरचे. मागे डी डिऑन, म्हणजे दोन्ही चाकं एका नळीने जोडलेली पण डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) चासीला, म्हणजे सांगाड्याला, बसवलेलं, त्यामुळे चाकांबरोबर वरखाली होणारं वजन कमी आणि चाकं रस्त्याला सरळ राहतात. गुळगुळीत ट्रॅकवर हे अप्रतिम आहे. खड्ड्याखड्ड्यांच्या गावरस्त्यावर मी वेस्टफील्डमध्ये बसलो तेव्हा कंबरेला फरक लगेच कळला, हे मान्य करायलाच हवं.

मग मी कॅटरहॅम का घेतली तर मुख्य कारण पार्ट. घेतली तेव्हा चालू मॉडेल होतं, गिअरबॉक्स एमएक्स-५ चा पाच गिअरवाला, इंजिन फोर्डचं दोन लिटर ड्युराटेक, त्यामुळे काही बिघडलं तर कुणीतरी आधी ते उघडून बसवलेलं असतंच आणि भाग मिळतो. वेस्टफील्ड २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती, नंतर नव्या मालकांनी नाव चालू ठेवलं. गाडी वाईट असा त्याचा अर्थ मुळीच नाही, पण सेकंडहँड वेस्टफील्ड बघत असाल तर चासी कुठल्या काळातली, सस्पेन्शनचे भाग कुठल्या पिढीचे हे आधी नीट विचारून घ्या. शिवाय विकताना कॅटरहॅमला भाव चांगला राहतो. हा मुद्दा रोमँटिक नाही पण ट्रॅकवर गाडी नेणाऱ्याने तो डोक्यात ठेवावाच.

मापाचं बोलायला हवं कारण यावर लोक फार कमी वेळ घालवतात. कॅटरहॅमच्या दोन चासी आहेत, एस३ आणि त्यापेक्षा ११० मिलिमीटर रुंद एसव्ही. माझी एस३. पेडलची जागा इतकी अरुंद की साध्या बुटाने ब्रेक मारताना कडेने ॲक्सिलरेटर पण दाबला जाऊ शकतो, म्हणून मी पातळ तळाचे, अरुंद बूट फक्त गाडीसाठी ठेवलेत. खांदे रुंद असतील किंवा उंची सहा फुटांच्या वर असेल तर एसव्हीच बघा, आणि बसून बघताना हेल्मेट घालून, बेल्ट आवळून बसा, कारण हेल्मेटचा वरचा भाग रोल बारच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या मागच्या नळीच्या) रेषेखाली राहतो का नाही हे तेव्हाच कळतं. कंपनी कुठलीही असो, जिथे तुम्ही नीट बसू शकत नाही ती गाडी यादीतून काढून टाका.

आता वजन. माझ्या मॉडेलचं कंपनीने दिलेलं वजन ५६० किलो आणि ताकद १८० बीएचपी. ऐकायला १८० म्हणजे काहीच नाही, पण वजन कमी असण्याचा खरा फायदा वेगापेक्षा टिकाऊपणात दिसतो. दिवसभर ट्रॅकवर फिरवून ब्रेक ढिले पडत नाहीत, पॅड महिनोन् महिने जातात, टायर कडेला फाटत नाहीत. शेजारी दीड टनाची जबरदस्त गाडी घेऊन आलेला माणूस दुपारी ब्रेकचा वास घेत उभा असतो आणि आपण पेट्रोल भरून परत बाहेर. टायरमध्ये हवा थंड असताना १८ पीएसआयच्या आसपास ठेवतो, हे वाचून नेहमीच्या गाडीवाल्यांना धक्का बसतो पण एवढ्या हलक्या गाडीला तेवढीच लागते, जास्त भरली की गाडी उड्या मारते आणि टायर मध्यभागी झिजतो.

हवेच्या विरोधाच्या बाबतीत सेव्हनचा आकार म्हणजे उघडी छत्री. ताशी शंभर मैलांच्या पुढे इंजिन हवेशीच झगडत असतं. स्नेटरटनच्या लांब सरळ पट्ट्यावर साध्या हॅचबॅक पण अंगावर येतात, पण कॅडवेल पार्कला, जिथे ट्रॅक अरुंद आणि वळणावर वळण, तिथे हॉल बेंड्स नावाच्या वळणांमध्ये गाडी इतकी सहज दिशा बदलते की ट्रॅकवर तिच्यासारखी दुसरी नाही असं वाटतं. म्हणून तुमच्या जवळचे ट्रॅक कसले आहेत ते बघून गाडी निवडा. मोठे, वेगवान ट्रॅक असतील आणि बजेट असेल तर अल्टिमाचा विचार खरंच करा. मागे शेव्हरोलेचं व्ही८, बंद बॉडी, आणि मॅक्लारेन एफ१ बनवताना इंजिन-गिअरबॉक्स तपासायला अल्टिमाच्याच चासी वापरल्या होत्या, यावरून पाया किती मजबूत ते कळतं. पण दोन्ही बाजूंना झुडपं असलेल्या अरुंद रस्त्यावर ती रुंदी मला नको होती, आणि जोडायला पण ती कितीतरी मोठं काम आहे.

बाइक इंजिनवाली एमके मी मनापासून चालवली आणि ट्रॅकवर ती माझ्या गाडीपेक्षा जास्त धमाल आहे यात वादच नाही. हायाबुसाचं इंजिन, सिक्वेन्शियल (बाइकसारखे एकामागून एक पडणारे) गिअर, क्लच न दाबता वर जायचं, तो आवाज! पण इंजिनाला रिव्हर्स नाही, त्यामुळे वेगळी सोय करावी लागते, नाहीतर उतरून ढकलायची. खालच्या आरपीएमला दम कमी आणि क्लच बाइकच्या वजनासाठी बनवलेला, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये सारखं थांबून निघताना त्याचे हाल. आणि सगळ्यात महत्त्वाचं ऑइल. बाइक वळणात झुकते म्हणून ऑइल तळाशीच राहतं, गाडी झुकत नाही, लांब वळणात सगळं ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढायला लागतो. बॅफल (ऑइल अडवणारे आडपडदे) असलेला सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, किंवा ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारा ड्राय सम्प लावलाय का हे विचारल्याशिवाय बाइक इंजिनवाली किट अजिबात घेऊ नका. कारच्या इंजिनालाही हा त्रास चिकट टायरवर होतो, मी पण प्रेशरचं मीटर डोळ्यांसमोरच ठेवलंय.

फक्त ट्रॅकच करायचा असेल आणि पैसे मोजके असतील तर एक्सोसेटइतकी पैसा वसूल गाडी नाही. जुन्या एमएक्स-५ ची बॉडी उतरवायची आणि इंजिन, गिअरबॉक्स, सबफ्रेम सगळं जसंच्या तसं नव्या नळ्यांच्या सांगाड्याला बसवायचं. बहुतेक सगळं एकाच गाडीतून येतं म्हणून जोडताना डोक्याला ताप कमी. पण दरवाजे नाहीत, आडोसा नाही, पावसात घरी यायचं तर कठीण.

किट जोडल्यावर इथे आयव्हीए नावाची तपासणी पास करावी लागते, २००९ पासून एसव्हीए या जुन्या तपासणीच्या जागी ती आली. यात गाडी पळते कशी यापेक्षा कुणाला लागेल का हे जास्त बारकाईने बघतात. बाहेरच्या ज्या भागाला १०० मिलिमीटरचा गोळा टेकू शकतो त्याची कड किमान अडीच मिलिमीटर गोल हवी. म्हणून पुढच्या विशबोनच्या (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांच्या) प्रत्येक नटवर प्लास्टिकची टोपी, पत्र्याच्या प्रत्येक कडेला रबराची पट्टी, हे काम मी इंजिन बसवण्यापेक्षा जास्त वेळ करत होतो. कंपनी निवडताना याचा विचार करा, ज्या कंपनीच्या गाड्या नेहमी तपासणीला जातात त्यांच्या किटमध्ये या गोष्टी आधीच दिलेल्या असतात आणि माहितीपुस्तक पण त्याप्रमाणे लिहिलेलं असतं. मी काही भाग एका दुसऱ्या दुकानातून मागवले होते, त्यात चुकीच्या मापाचे बोल्ट आले आणि बदलून मिळायला आठवडे गेले, त्यामुळे पूर्ण किट एकाच ठिकाणाहून घेण्याच्या बाजूचा मी आहे.

आवाजामुळे ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) वाया गेलेले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. सकाळी सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशात मीटर धरतात आणि कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशाला, माझ्या गाडीत साडेपाच हजारांच्या आसपास, इंजिन धरून ठेवायला लावतात. त्यात पास झालात तरी ट्रॅकच्या कडेला दुसरा मायक्रोफोन असतो, आणि सेव्हनचा एक्झॉस्ट एका बाजूने निघतो, ती बाजू मायक्रोफोनकडे आली की आकडा वाढतो. प्रत्येक ट्रॅकची मर्यादा वेगळी, त्यामुळे गाडी ऑर्डर करतानाच शांत सायलेन्सर घ्या. रस्त्यावर तीन तास बसायचं असेल तर कानांना पण तेच बरं. हो, आणि रस्त्याचा विमा ट्रॅकवर बहुतेक वेळा चालत नाही, तेवढ्या दिवसाचा वेगळा घ्यावा लागतो.

रस्त्यावरचा अनुभव थोडक्यात सांगतो. काच लावून, हीटर चालू ठेवून थंडीत मजा येते, छप्पर लावलं की आत शिरणं म्हणजे व्यायाम. ताशी सत्तर मैलांवर दरवाज्याची कापडं फडफडतात, गप्पा विसरा. सम्प इतका खाली आहे की प्रत्येक स्पीड ब्रेकर तिरका घेतो. तरीही सकाळी लवकर रिकाम्या रस्त्यावर साठच्या आत राहून जो आनंद मिळतो तो मला ताकदवान गाड्यांत मिळालेला नाही, पुढची चाकं डोळ्यांसमोर वरखाली होताना दिसतात आणि स्टीअरिंगमधून रस्त्याचा कण न् कण कळतो.

कुठलीही किट घ्या, एक खर्च टाळू नका, सेटअप. सपाट जागेवर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून, सीटवर तुमच्या वजनाइतकी वजनं ठेवून कोपऱ्यांचं वजन, म्हणजे प्रत्येक चाकावर पडणारं वजन, जुळवून घ्या. या हलक्या गाडीत चालवणारा माणूस म्हणजे एकूण वजनाचा मोठा हिस्सा, तो न धरता केलेला सेटअप काही कामाचा नाही. माझी गाडी त्याआधी ब्रेक मारताना पुढचं एकच चाक लॉक करायची, नंतर ते थांबलं.

बाकी नवीन जोडलेल्या गाडीत सुरुवातीला नट सैल होतातच. सस्पेन्शनच्या प्रत्येक नटवर आवळल्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवा, अर्धी नटवर अर्धी ब्रॅकेटवर, म्हणजे ट्रॅकवरून रस्त्यावर निघायच्या आधी टॉर्चने एक चक्कर मारली की रेघ कुठे तुटलीये ते दिसतं आणि पाना लावायचा. मी हे प्रत्येक ट्रॅक डेनंतर करतो. कुणी एस३ आणि एसव्ही मध्ये अडकलं असेल तर तुमची उंची आणि बुटाचा नंबर लिहा, जमेल तसं सांगतो.