इंजिनचं ओपनिंग बुक: शिकणारं की ठरलेलं?

दिव्या देशमुखनं २०२५ चा बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून नागपुरातले ओळखीचे पालक घरच्या सरावासाठी इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, लावून मागतात. सेटिंगमध्ये 'बुक लर्निंग' दिसलं की ठरलेला प्रश्न येतो: हे चालू ठेवू का?

ओपनिंग बुक म्हणजे सुरुवातीच्या चालींचा साठा. प्रत्येक चालीला वजन असतं. जास्त वजनाची चाल जास्त वेळा खेळली जाते. ठरलेलं बुक तसंच राहतं, शिकणारं बुक डाव झाल्यावर वजनं बदलतं.

ऐकायला छान वाटतं, पण सिसिलियन या ओपनिंगमधून उत्तम निघालेला डाव इंजिन साठाव्या चालीला हत्तींच्या अंत्यडावात हरलं, तर निव्वळ निकाल पाहणारं बुक दोष सिसिलियनलाच देतं. रॉबर्ट हायट यांच्या क्राफ्टी या इंजिननं यावर चांगला तोडगा काढला होता: बुक संपल्यानंतरच्या पहिल्या दहा चालींत इंजिनला स्वतःची स्थिती कशी वाटते, ते बघायचं. त्या काळी दोन इंजिनं आपापली बुकं घेऊन एकमेकांशी डावांवर डाव खेळत. न शिकणारं इंजिन तोच हरलेला डाव पुन्हा हरायचं. तिथे लर्निंगनं खरोखर गुण मिळत.

आता इंजिनांच्या चाचण्यांत सुरुवातीची स्थिती बाहेरून दिली जाते, तीच एकदा पांढऱ्यानं, एकदा काळ्यानं. इंजिनचं स्वतःचं बुक उघडतच नाही. स्टॉकफिश या इंजिनमध्ये तर ते नाहीच.

मुलांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: लर्निंग बंद. आपली पोट्टी पूर्ण ताकदीच्या इंजिनकडून प्रत्येक ओपनिंगमध्ये हरतात. सगळ्याच चाली जिंकल्या, तर बुक शिकणार काय? ताकद कमी केली, तर ते मुलाला जड जाणाऱ्या दोन-तीन चालींच्या क्रमांवरच अडकतं आणि बाकीचा सराव राहून जातो. त्यापेक्षा क्लासमध्ये चालू असलेल्या ओपनिंगचं छोटं बुक हातानं बनवा. एक संध्याकाळ जाईल, पण मूल रोज तेच खेळेल जे शिकतंय.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी स्वतःचं इंजिन लिहिणाऱ्यांनी आधी चालींचा शोध आणि स्थितीचं मूल्यमापन सुधारावं. लर्निंग हवंच असेल, तर पॉलिग्लॉट या फाइल-प्रकारातल्या बुकाच्या १६ बाइटांच्या प्रत्येक नोंदीत ४ बाइट त्यासाठीच राखलेले आहेत.

त्याच प्रतिस्पर्धी इंजिनशी, स्वतःच्या बुकासह, लांबलचक सामना असेल तर मात्र लर्निंग चालू करा. त्याआधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. बदललेली वजनं त्याच फाइलमध्ये लिहिली गेली, तर जुनी परत मिळत नाहीत.