मार्च-एप्रिलमधली पक्षीफेरी: अंजनेरी की ममदापूर?

नवख्यांनी आधी नाशिकजवळचा अंजनेरी डोंगर करावा. पानगळीमुळे फांदीवरचा पक्षी सहज दिसतो. फुललेल्या पांगाऱ्यापासून वीसेक पावलांवर अर्धा तास बसा. शिंजीर, भोरड्या आपणहून येतात. सतत चालत राहिलात तर हातचे जातील. कड्यावरच्या गिधाडांसाठी मात्र नऊनंतर वर बघा. हवा तापल्याशिवाय ती उंच घिरट्या घेत नाहीत.

येवल्याकडचं ममदापूर म्हणजे उघडा माळ. इथे 8×42 (आठपट मोठं दाखवणारी) पेक्षा 10×42 (दहापट) दुर्बीण बरी, पण ऊन चढलं की झळांनी चित्र थरथरतं आणि ती महागडी दुर्बीणही निरुपयोगी. म्हणून उजाडताच पोहोचा, सूर्य पाठीशी ठेवा. वाट सोडू नका: टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, ती खड्यांत मिसळून जातात. भोवत्या हा हिवाळी पाहुणा शिकारी पक्षी बघायचा असेल तर मार्चच्या सुरुवातीलाच जा. उन्हाळा वाढला की तो उत्तरेला निघून जातो.