१२० तासांचा टेफल कोर्स अधिक ‘परदेशात नोकरी’ पॅकेज: कोर्सला चार स्टार, नोकरीला भोपळा

पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटचं पॅकेज घेतलेलं मी. नाव लिहीत नाही, वाद नकोय, आणि तसंही असली पॅकेजं विकणारे जे जे मला भेटले ते सगळे एकाच माळेचे मणी. ५२ हजार भरले. त्यात परदेशात इंग्रजी शिकवायला लागतो तो १२० तासांचा टेफल कोर्स आणि त्यानंतर ‘पहिल्या नोकरीपर्यंत पूर्ण साथ’.

मी कराडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, पुढे एमए इंग्लिश, बीएड नाही. तीन वर्षं स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवत होते महिना १४ हजारावर. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, ‘मॅम, थायलंड, व्हिएतनाम, कोरिया, कुठंही, शंभर टक्के प्लेसमेंट.’ घरी येऊन सांगितलं तर पप्पा म्हणाले, अगं शंभर टक्के म्हणणारा माणूस पैसे परत देताना कधी बघितलायस का. नाही ऐकलं मी.

आधी चांगलं सांगते. कोर्स खरंच चांगला होता, म्हणजे सर चांगले होते. पहिल्याच दिवशी वर्गात आले ते लिंबू, सुरी, साखर, मीठ आणि पाण्याची बाटली घेऊन, आणि वीस मिनिटं फक्त कानडीत बोलले, मराठी नाही, इंग्रजीचा एक शब्द नाही. लिंबू दाखवायचे, निंबे हण्णु, आम्ही म्हणायचं निंबे हण्णु, मग नीरु, सक्करे, उप्पु, मग लिंबू लपवून साखर पुढं करून विचारायचे हे निंबे हण्णु का, आम्ही सगळे ओरडायचो नाही नाही सक्करे. शेवटी सरबत तयार, आम्ही प्यायलो, आणि मला ते शब्द आज पण पाठ आहेत. तीन वर्षं मी क्लासमध्ये ‘समजलं का’ विचारत होते आणि पोरं ‘हो मॅडम’ म्हणत होती, ते किती निरर्थक होतं ते त्या दिवशी कळलं. समजलं का विचारायचंच नाही, असा प्रश्न टाकायचा की उत्तरावरून कळेल समजलं की नाही. हे एवढं शिकायला अर्धे पैसे वसूल.

उरलेले अर्धे पाण्यात. प्लेसमेंट म्हणजे काय तर एक पीडीएफ, ६३ शाळांची नावं आणि ईमेल. मी रात्री जागून सगळ्यांना सीव्ही पाठवला, १९ मेल तर तसेच परत आले, पत्ताच बंद. त्यात अकरा कोरियातली हागवॉन होती, म्हणजे तिकडचे खाजगी क्लासेस. तर हागवॉनमध्ये इंग्रजी शिकवायचा जो ई-२ व्हिसा असतो तो सात देशांच्याच पासपोर्टवर मिळतो, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि साउथ आफ्रिका. आपलं इंग्रजी कितीही फर्डं असू दे, त्या यादीत आपण नाही. हे मला पैसे घेताना सांगायला पाहिजे होतं की नको? विचारलं तर ‘मॅम, अप्लाय तर करून बघा.’

मग थायलंडचा सल्ला. तेव्हा भारतीयांना फिरायला जायला व्हिसा लागत नव्हता, तर म्हणे तुम्ही फिरायला म्हणून जा, शाळेत रुजू व्हा, वर्क परमिट मागून होत राहतं. इथं मात्र मी थांबले. वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलं तर पाच ते पन्नास हजार बाथ दंड आणि वर देशाबाहेर काढतात. दंड मी भरणार, यांचं काय जाणार?

शेवटी नोकरी मी माझी शोधली, अजार्न डॉट कॉम नावाच्या साइटवर. थायलंडमध्ये शिकवणारे सगळे तिथंच बघतात, फुकट आहे. जाहिरातीत आधी एक गोष्ट बघायची, ‘एनईएस ओन्ली’ लिहिलंय का. म्हणजे फक्त नेटिव्ह इंग्लिश स्पीकर, ज्यांची मातृभाषाच इंग्रजी असे. ‘नॉन-एनईएस वेलकम’ असेल तिथंच वेळ घालवायचा. फिलिपिन्सचे शिक्षक तिकडे भरपूर आहेत, ते पण नॉन-एनईएस मध्येच येतात, त्यांच्या फेसबुक ग्रुपवर मला इन्स्टिट्यूटपेक्षा जास्त खरी माहिती मिळाली. दुसरं म्हणजे शाळा मे महिन्याच्या मध्याला सुरू होते आणि दुसरं सत्र नोव्हेंबरला, म्हणून फेब्रुवारी-मार्च हा अर्ज करायचा खरा काळ. आमच्या पॅकेजची बॅच जूनमध्ये संपली, म्हणजे बरोबर गाडी सुटल्यावर स्टेशनवर.

४१ अर्ज, पाच उत्तरं, दोन मुलाखती. एका शाळेने फोटो बघून परत फोनच केला नाही (तिकडे सीव्हीवर फोटो लागतोच, का ते समजून घ्या). दुसरी बँकॉकच्या पूर्वेला छाचेंगसावची. त्यांनी झूमवर दहा मिनिटं शिकवायला लावलं, मी लिंबूच घेतलं. हो म्हणाले.

आईचा विरोध होता, एकटी पोरगी परदेशात वगैरे. त्याच जिल्ह्यात नदीकाठी ३९ मीटर उंच उभा ब्राँझचा गणपती आहे, हातात आंबा, ऊस, केळी, फणस. त्याचा फोटो पाठवला तर म्हणाली, मग जा. एमए, टेफल, मुलाखत एकीकडे आणि हा एक फोटो एकीकडे.

कागदपत्रांचं मात्र कान देऊन ऐका, कारण इन्स्टिट्यूटने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. नुसती मार्कशीट आणि पासिंग सर्टिफिकेट चालत नाही, पदवी प्रमाणपत्र लागतं, ते मी कधी काढलंच नव्हतं, चूक माझी. मग त्याचं राज्याकडून अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग थाई वकिलातीचा. पासपोर्ट ऑफिसकडून पोलीस क्लिअरन्स. माझ्या शाळेने टोइक नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोर पण मागितला, ९९० पैकी किमान ६००, दोन तासांत २०० प्रश्न, आपल्याला जड नाही पण तारीख मिळवा आधी. हे सगळं व्हायला मला तीन महिने लागले. नोकरी लागल्यावर सुरू केलं असतं तर नोकरी गेलीच असती, नशिबाने मी टोइक आणि डिग्रीचं काम आधीच काढून ठेवलं होतं फेसबुक ग्रुपवरच्या एका फिलिपिनो ताईच्या सांगण्यावरून. बीएड नसल्यामुळे शाळेने माझ्यासाठी शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी काढली. त्या परिषदेचं थाई नाव खुरुसफा. जरा हळू म्हणून बघा, गुरुसभा.

पगार २२ हजार बाथ, मी रुजू झाले तेव्हा बाथचे अडीच-पावणेतीन रुपये होते. शेजारच्या वर्गात ब्रिटिश मुलगा आहे, तेवढेच तास, टेफल पण माझ्यासारखाच, त्याला ३८. राग येतो का, येतो. पण १४ हजारावरून आलेय, आणि राहायची खोली शाळेने दिलीय.

पोरं गोड आहेत. शब्दाच्या शेवटी ल आला की त्यांचा न होतो, फुटबॉन, सकून, अ‍ॅपन. महिनाभर डोकं आपटलं, मग आमच्या आजीचं ‘टेशन’ आणि ‘इस्टो’ आठवलं आणि मी ओरडायची बंद झाले. जूनमध्ये एका गुरुवारी त्यांचा वाय ख्रू म्हणजे गुरूला नमस्कार करायचा कार्यक्रम असतो. सहावीतली एक पोरगी गुडघ्यावर सरकत पुढं आली, हातातल्या फुलांच्या तबकात वांग्याची फुलं, लाल लाल खेम म्हणजे एक्झोराची फुलं आणि कडेनी खोचलेल्या दुर्वा. आपल्याच दुर्वा, हरळी. गुरुवार पण मुद्दाम, बृहस्पतीचा वार म्हणून. मी काय बोलणार, थाई तेव्हा येतच नव्हतं मला.

त्याच आठवड्यात इन्स्टिट्यूटचा फोन. ‘अभिनंदन मॅम, आमच्या पेजवर तुमचा फोटो टाकतोय, आणि प्लेसमेंट सक्सेसची १५ हजार फी पेंडिंग आहे.’ म्हटलं, त्या पीडीएफमधल्या कुठल्या शाळेत लागलेय ते सांगा, लगेच भरते. तेव्हापासून शांत आहेत, फोटो पण टाकला नाही.

तर घ्यायचंच असेल तर पॅकेज घेऊ नका. नुसता कोर्स देता का म्हणून विचारा, आधी नाही म्हणतील, उठून निघालात की २१ हजारात देतात, माझ्या मैत्रिणीला तसाच दिला. आणि ते कानडीवाले सर शनिवार-रविवारच्या बॅचलाच असतात, वीकडे बॅचला दुसऱ्या कोणीतरी मॅडम पीपीटी वाचून दाखवतात असं कळलंय.