वस्तूंची वही: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ऐतिहासिक कादंबरी वाचताना शेजारी वही ठेवायची आणि कथेत येणाऱ्या वस्तू टिपत जायचं, ही पद्धत मी काही महिने वापरतोय. तीन रकाने: वस्तू कुणाच्या हातात आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि त्या काळात तिचा खरा उपयोग काय होता. अर्थाचा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. तो असला की दिवा म्हणजे आशा, आरसा म्हणजे अहंकार, असं लिहून आपण मोकळे होतो.

सगळ्यात जास्त कामाला आला तो तिसरा रकाना. डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मधली (१८५९) मादाम दफार्ज, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पॅरिसमध्ये दारूचं दुकान चालवणारी बाई, सतत विणत असते. विणकाम म्हणजे नियती, हे कुणीही सांगेल. आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवता आठवतातच. पण फ्रेंच राज्यक्रांतीत बायका खरोखरच गिलोटिनपाशी, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रापाशी, विणकाम घेऊन बसत, हे वहीत आलं की चित्र पालटतं. दफार्जबाई तर टाक्यांमधून सूड घ्यायच्या माणसांची नावं नोंदवते. ज्या कामाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, त्यातच मरणाची यादी तयार होत असते, आणि तीही भर दुकानात, सगळ्यांसमोर. नुसत्या 'नियती'त ही धार कुठे?

उंबेर्तो एकोच्या 'द नेम ऑफ द रोझ'मधल्या चष्म्याचंही तसंच. कथा १३२७ सालची, म्हणजे युरोपात चष्मा तेव्हा अजून नवलाईचा होता. मठातल्या मृत्यूंचा तपास करणाऱ्या विल्यम या भिक्षूचा चष्मा चोरीला जातो तेव्हा ज्ञानाचं प्रतीक वगैरे नंतर. आधी त्याला समोरचा मजकूर वाचता येत नाही, तपास अडतो.

अवस्थेच्या रकान्याची किंमत कळली ती लाम्पेदूसाच्या 'द लेपर्ड'मध्ये. बेंदिको हा सिसिलीतल्या सरदार घराण्याचा लाडका कुत्रा. मेल्यावर त्यात पेंढा भरून ठेवतात आणि १९१० सालच्या शेवटच्या प्रकरणात तो धूळ खात, कसर लागून, कचऱ्यात जातो. जिवंत, पेंढा भरलेला, कचरा: एवढ्या तीन नोंदींत घराण्याची उतरण दिसते. लेखकानेही या कुत्र्याला फार महत्त्व दिलं होतं.

आता तक्रारी. पहिल्या वाचनात ही वही काढू नका, गोष्टीचा पार विचका होतो. वेग निम्म्यावर येतो. शिवाय एकदाच येऊन गेलेल्या वस्तूंच्या नोंदींनी पानं भरतात, म्हणून आता वस्तू दुसऱ्यांदा आली, हात बदलला किंवा मोडली तरच मी तिला वहीत घेतो. बाकीचं नेपथ्य. काही कादंबऱ्यांत तर तलवारी, पालख्या, शिरपेच यांची नुसती रेलचेल असते आणि शेवटी वही कोरीच राहते. माझ्या मते तो दोष वहीचा नाही.

परीक्षेसाठी झटपट उत्तरं हवी असतील तर हे तुमच्या कामाचं नाही. आवडलेली कादंबरी पुन्हा वाचणार असाल तर जरूर करून बघा, आणि सुरुवात 'द लेपर्ड'पासूनच करा.