बिलावर नवे फिल्टर, ट्रॅक्टरवर रंग मारलेला जुना

बिलात लिहिलं होतं: हायड्रॉलिक फिल्टर नवा, ट्रान्समिशन फिल्टर नवा, ऑइल पूर्ण बदललं. प्रत्यक्षात एक फिल्टर जुनाच निघाला, दुसरा नकली, आणि ऑइल अर्धवटच बदललेलं. ज्यांच्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे आणि जे सर्व्हिसिंग बाहेरून करून घेतात, त्यांनी हे वाचावंच, कारण ही फसवणूक डोळ्यांना दिसत नाही. दिसते तेव्हा पंप खराब व्हायला लागलेला असतो.

आमचा ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनचा आहे, पेडल दाबलं की पुढे-मागे जाणारा. अशा बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत ट्रान्समिशन, मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) आणि लिफ्ट या सगळ्यांना एकच ऑइल असतं. गिअर झिजून निघालेला लोखंडाचा कीस त्याच ऑइलातून पंपाकडे जातो आणि त्याला अडवायला वाटेत फक्त फिल्टर असतो. हायड्रोस्टॅटिक पंपाच्या आतल्या फटी काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. नुसत्या डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसत नाही. त्यामुळे डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ दिसलं, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

सर्व्हिसिंगहून आल्यापासून सकाळी थंड ट्रॅक्टर चालू केला की पंप कण्हल्यासारखा आवाज करायचा आणि लोडर धक्के खात वर जायचा. थोडं काम करून ऑइल तापलं की आवाज कमी व्हायचा. वर्कशॉपला फोन केला. ट्रॅक्टर न बघताच उत्तर आलं, "पंप गेलाय तुमचा, नवा टाकावा लागेल."

हे नीट लक्षात ठेवा. झिजलेला पंप साधारणपणे उलटा वागतो. थंड, जाड ऑइलवर तो बरा चालतो आणि ऑइल तापून पातळ झालं की आतल्या आत गळती वाढून लिफ्ट मंदावते. थंडीत आवाज आणि तापल्यावर आराम, हे लक्षण बहुधा पंपाला पुरेसं ऑइल न मिळण्याचं असतं, म्हणजे सक्शनच्या बाजूला, जिथून ऑइल पंपात शिरतं तिथे, काहीतरी तुंबलेलं असतं. पंप ऑइल ओढतो असं आपण म्हणतो, पण ऑइलला पंपाकडे ढकलणारा दाब हवेचा असतो, जेमतेम १ बार. एवढ्याशा जोरावर थंड, जाड ऑइल तुंबलेल्या फिल्टरमधून पुरेसं पार होत नाही. मग पंपात बुडबुडे तयार होतात, दाबाखाली फुटतात आणि धातूचे टवके काढतात. म्हणजे जो पंप "गेलाय" म्हणून सांगितला, तो त्यांच्याच कामामुळे जायला लागला होता.

दुसऱ्या मिस्त्रीकडे ट्रॅक्टर नेला. त्यांनी आधी खाली वाकून ड्रेन प्लग बघितले. आमच्या ट्रॅक्टरला मधल्या प्लगशिवाय मागच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंनाही प्लग आहेत. त्यांच्यावर जुन्या मातीचा थर तसाच होता, पान्हा लागल्याची खूणसुद्धा नव्हती. म्हणजे मधून थोडं ऑइल काढून वरून नवं ओतलं होतं. मग सक्शनचा फिल्टर खोलला. बाहेरून चकचकीत, पण रबरी सीलच्या कडेवर रंगाचे शिंतोडे आणि सील स्वतः कडक, चपटं झालेलं. नवीन फिल्टरचं सील मऊ असतं. जुनाच फिल्टर पुसून, रंगवून परत लावला होता.

दुसरा फिल्टर मात्र खरोखर नवा होता. बॉक्स हुबेहूब, पार्ट नंबरही बरोबर. मिस्त्रींनी तो फिल्टर कटरने कापला. (हॅकसॉने कापू नका. करवतीचा कीस आत पडतो आणि मग कुठला कीस कुठला हे कळत नाही.) आत कागदाच्या घड्या विरळ, वेड्यावाकड्या, आणि जिथे कागदाची दोन टोकं जुळतात तिथला गोंद सुटलेला. ऑइल गाळलं न जाता त्या फटीतून सरळ पुढे जात होतं. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. तुंबलेला फिल्टर निदान आवाज करून सांगतो. हा नकली फिल्टर गप्प राहून धातूचा कीस आत सोडत राहतो.

जाब विचारायला गेलो तर वर्कशॉपवाल्याने रिकामे बॉक्स पुढे ठेवले, "हे बघा, तुमचेच फिल्टर." रिकामा बॉक्स हा पुरावा नव्हे. कापलेला फिल्टर आणि प्लगचे फोटो दाखवल्यावर आवाज खाली आला. फिल्टर आणि ऑइलचे पैसे परत मिळाले, मजुरी आणि पंपाच्या झिजेबद्दल हात वर.

अस्सल फिल्टर आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकारचं ऑइल पूर्ण भरल्यावर आवाज बंद झाला. गेज लावून दाब मोजला, तो मॅन्युअलच्या मर्यादेत आला. कोणी पंप बदला म्हणालं तर आधी हे गेज लावायला सांगा, आणि मगच होकार द्या.

आता फिल्टर मी स्वतः पार्ट नंबर जुळवून विकत घेतो आणि बसवण्याआधी त्याच्यावर मार्करने तारीख व तासमीटरचा आकडा लिहितो. जुना फिल्टर परत मागून घेतो. ऑइल किती लिटर निघालं ते भांड्यात मोजतो आणि मॅन्युअलमधल्या क्षमतेशी ताडतो. फार कमी निघालं तर उरलेलं आतच आहे. काही मॉडेलमध्ये फिल्टरजवळ चुंबक असतं, ते समोर पुसून घ्यायला लावा. त्यावर बारीक राखाडी चिखल असणं नेहमीचं, पण टोचणारे तुकडे सापडले तर काम तिथेच थांबवा.

आटे जुळतात म्हणून इंजिन ऑइलचा फिल्टर हायड्रॉलिकला बसवण्याचा प्रकारही होतो. तो दाबाच्या बाजूसाठी बनवलेला असतो, सक्शनला लावला तर पंप उपाशी राहू शकतो. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस तर अजिबात कोणाच्या भरवशावर सोडू नका. ती बऱ्याच मॉडेलना ५० तासांवर असते आणि सुरुवातीचा सगळ्यात जास्त कीस त्याच फिल्टरमध्ये साठलेला असतो.