बोटीच्या बॅटरीसाठी ऑटोमॅटिक चार्जर – पैसे वसूल

बामणोलीला आमची बोट असते, पावसाळ्यात बोटिंग बंद झालं की बॅटरी नुसती पडून राहते आणि तशीच डाऊन राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती गेलीच समजा. म्हणून साताऱ्यातून हा १२ व्होल्टचा ऑटोमॅटिक चार्जर घेतला, एकदम भारी आहे! १४.४ व्होल्टपर्यंत चढवतो, फुल झाली की आपोआप १३.५ च्या आसपास फ्लोटवर (म्हणजे बॅटरी फुल ठेवण्यापुरत्या कमी व्होल्टेजवर) येतो त्यामुळे बॅटरीतलं पाणी उगाच उडत नाही. काढल्यावर काही तासांनी मीटर लावला तर १२.७ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी फुल, अजून काय पाहिजे. वायर मात्र लय आखूड दिलीय राव. डिस्टिल्ड वॉटर तेवढं आपणच बघायचं, आणि चार्जिंगला मोकळ्या हवेतच लावा, हायड्रोजन निघतो.