घरी बनवलेली आरसीए केबल: आठ महिने आणि एक उन्हाळा

आधीच सांगून टाकतो, आवाज सुधारला नाही. तबल्याची बोटं दिसायला लागली वगैरे वाचायचं असेल तर इथेच थांबा.

मी अमळनेरचा. दिवाळीनंतर आरसीए केबलच्या, म्हणजे ऑडिओची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या वायरींच्या, दोन जोड्या बनवल्या. रेकॉर्ड प्लेअरसाठी ६० सेंटिमीटरची एक, डॅक (कॉम्प्युटरमधलं डिजिटल गाणं अॅनालॉग सिग्नलमध्ये बदलणारा डबा) ते अँप्लिफायर, म्हणजे अँप, सव्वा मीटरची दुसरी. कारण अगदीच घरगुती. दुकानात मिळते ती केबल एक तर दीड मीटर, नाही तर तीन. रॅकमागे पडलेल्या वेटोळ्यात रोज झाडू अडकायचा आणि रोज माझा उद्धार व्हायचा.

पहिला प्रयत्न फुकटातला होता. डिशची वायर घरात उरली होती, म्हटलं कोअॅक्स आहे, म्हणजे मधे तार आणि भोवती जाळी, अजून काय हवं? तासभर सोल्डरिंग गन धरून बसलो. शिसं जाळीवरून गोळ्या होऊन घरंगळत होतं. ती जाळी अॅल्युमिनियमची, तिला साधं सोल्डर धरतच नाही. मधली तारही पुष्कळदा पोलादाची असते, वरून नुसता तांब्याचा मुलामा. चुंबक लावला की कळतं.

मग जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जाऊन प्लग आणले, आणि तांब्याची जाळी असलेली आरजी ५९ जातीची कोअॅक्स वायर. रेकॉर्ड प्लेअरची जोडी याच वायरीची आहे. इथे मात्र वायरीची निवड खरंच महत्त्वाची. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला (रेकॉर्ड प्लेअरची सुई बसते तो भाग) बऱ्याचदा १०० ते २०० पिकोफॅरड एवढंच कपॅसिटन्सचं, म्हणजे वायरीत विद्युतभार साठण्याच्या क्षमतेचं, ओझं मानवतं आणि त्यात टोनआर्मची (सुईच्या दांडीची) वायर, अँपचा फोनो म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसाठीचा इनपुट असं सगळंच मोजायचं असतं. आरजी ५९ मीटरला साधारण ६७ पिकोफॅरड, म्हणजे माझ्या ६० सेंटिमीटरला ४०. ही जोडी आठ महिन्यांत एकदाही हात न लावता चालली आहे.

डॅकच्या जोडीत हौस नडली. साध्या वायरींची तीनपदरी वेणी घातली, जाळी नाहीच. दिसायला झकास! गाणं थांबलं की बारीक घुंऽऽ ऐकू यायचं, तिकडे हिवाळाभर कानाडोळा केला. मार्चमध्ये कूलर बाहेर निघाला, त्याची वायर रॅकमागूनच गेली आणि बारीक घुंऽऽचं चांगलंच जाड घुंऽऽ झालं. शिवाय कूलर बंद करताना स्पीकरमधून टक्.

आमच्या गल्लीत लग्नांचा साऊंडवाला राहतो. त्याने माईकच्या वायरीचा उरलेला तुकडा दिला आणि समोर बसून माझं सोल्डरिंग बघितलं. मी टाका मारून झाल्यावर म्हणाला, "भाऊ, पहिले टोपी घाली ले, मंग गन हातमा ले." प्लगची टोपी टेबलावरच राहिली होती. टाका सोडवून पुन्हा सुरुवात. त्याची दुसरी युक्ती लाखमोलाची: सोल्डर करताना प्लग एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवायचा. उष्णतेने पिनभोवतीचं प्लास्टिक मऊ पडतं आणि पिन तिरकी होते, सॉकेट तिला सरळ धरून ठेवतं.

जोडणी अशी: एक तार पिनला, दुसरी बाहेरच्या कड्याला, जाळी फक्त डॅकच्या टोकाला त्याच कड्यावर. अँपच्या टोकाला जाळी कापून वर हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). घुंऽऽ गेलं. पूर्ण नाही, उरलेलं दोन वेगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगचं होतं. कॉम्प्युटर आणि अँप एकाच बोर्डवर घेतल्यावर तेही गेलं. ते कुठल्याच केबलने गेलं नसतं.

माईकच्या वायरीची कपॅसिटन्स जास्त असते म्हणून घाबरायचं कारण नाही. डॅकच्या आउटपुटचा रोध १ किलोओहम आणि केबल १५० पिकोफॅरड धरली तरी फ्रिक्वेन्सीची वरची मर्यादा १ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. आपले कान २० किलोहर्ट्झलाच हात टेकतात, माझे तर त्याच्या बरेच आधी. तरी खात्री म्हणून भाच्याला बसवलं. तो मागे जाऊन ही आणि दुकानातली केबल बदलणार, मी ओळखणार. १० पैकी ६ बरोबर आल्या म्हणून मी खूश. मग तो म्हणाला, मामा, मी एकदाही बदलली नाही.

मे महिन्यात उजव्या बाजूला खरखर सुरू झाली. टोपी उघडली तर टाका चकचकीत नव्हता, राखेसारखा मळकट आणि दाणेदार. गरम असताना वायर हलली होती. पुन्हा गरम करून नवं शिसं दिलं, पाच मिनिटांत काम झालं. आता ६०/४० ऐवजी ६३/३७ (कथील आणि शिशाचं प्रमाण) सोल्डर वापरतो. ते १८३ अंशांवर थेट गोठतं, मधली लिबलिबीत अवस्थाच नाही, त्यामुळे हात थरथरला तरी चालून जातं. गन २५ वॅटची पुरते.

तक्रार आहे ती प्लगची. एका दुकानदाराने 'गोल्ड प्लेटेड' म्हणून दिलेले चार प्लग कूलरच्या ओल्या वाऱ्यात जूनपर्यंत काळपटले. महिन्यातून एकदा सॉकेटमध्येच दोन-तीनदा गोल फिरवतो, तेवढ्याने भागतं. पुढच्या खेपेला न्यूट्रिक कंपनीच्या रीन ब्रँडचे घेणार आहे, आणि कूलर दुसऱ्या खिडकीत. त्याला मात्र घरातून अजून मंजुरी नाही.